रिकामी खाट

बाळासाठी खाट घ्यायला गेलेला माणूस दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा काय करतो, तर तळहाताने गादी दाबून बघतो. हात जितका आत जाईल तितकं त्याचं समाधान वाढतं. बोईसरच्या फर्निचरच्या दुकानांत मी हे बसून पाहिलं आहे. आजी दाबते, मामा दाबतो, दुकानदार स्वतः दाबून दाखवतो आणि आपल्याकडे विजयी मुद्रेने बघतो. माया आणि मऊपणा यांची आपल्याकडे इतकी जुनी सोयरीक आहे, की तान्ह्या बाळाच्या अंगाखाली काही कडक घालायचं म्हटलं तर क्रूरपणाच वाटतो. जुन्या लुगड्याची गोधडी, धुऊन धुऊन मऊ झालेली दुपटी, मोहरीची उशी, दोन्ही कुशींना छोटे लोड. बाळंतपणाच्या तयारीत कडक असं काही नसतंच.

माझी सगळी नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, तपासणी खात्यात गेली. आलेला माल मोजायचा, कागदावरच्या मापाशी ताडून बघायचा, बसला नाही तर लाल चिठ्ठी लावून बाजूला काढायचा. निवृत्तीनंतर वाणगावच्या घरात ही सवय भाजीवाल्याला आणि बायकोला सोसावी लागते. मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मात्र या सवयीचा उपयोग झाला. "बाबा, खाटेचं तुम्ही बघा, तुम्हाला तरी काहीतरी मोजायला मिळेल," असं म्हणून तिने ते काम माझ्यावर सोपवलं.

बायकोची एकच अट होती: बाळ घरात येण्याआधी खाट घरात यायची नाही. रिकामा पाळणा हलवू नये, आधीपासून तयारी करू नये, हे तिने तिच्या आईकडून ऐकलेलं. मी वाद घातला नाही. ज्या काळात घरोघरी एखादं मूल जायचंच, त्या काळातल्या बायकांनी मनाच्या बचावासाठी घातलेलं हे कुंपण आहे. ते मोडून मला काय मिळणार होतं? निवड आधी करायची, खाट नंतर आणायची, असं ठरलं. बोईसर इथून एका स्टेशनावर. खाट राखून ठेवायला दुकानदार तयार झाला.

निवडीआधी वाचन केलं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली बाळाच्या झोपेविषयीच्या आपल्या सूचना नव्याने काढल्या. त्यांचा सारांश आपल्या आज्यांना ऐकवला तर त्या कानांवर हात ठेवतील. बाळाला प्रत्येक झोपेला उताणं ठेवा. पृष्ठभाग कडक, सपाट, कुठल्याही बाजूला न कललेला असू द्या. घट्ट बसणारी चादर सोडली तर खाटेत काही म्हणजे काही नको. उशी नको, सुटं पांघरूण नको, कापडी ससा नको, कठड्याला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या नकोत. खाट आईवडिलांच्याच खोलीत, निदान पहिले सहा महिने.

यामागचं कारण समजलं की कडकपणाचा राग जातो. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान लुळी असते. तोंड मऊ गादीत किंवा उशीत रुतलं तर डोकं उचलून बाजूला करण्याची ताकद त्याच्यात नसते. नाकापुढे जो खळगा तयार होतो त्यात त्याचाच सोडलेला श्वास साठतो आणि तोच ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं. प्राणवायू उतरत जातो. मोठा माणूस अशा वेळी धडपडून जागा होतो. काही बाळांमध्ये ही जाग यायची यंत्रणा अजून पक्की झालेली नसते. आवाज होत नाही, रडणं येत नाही. म्हणून इथे नुसतं कान देऊन भागत नाही, जागाच तशी असावी लागते.

पाश्चात्त्य देशांनी हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. तिथे काही दशकं बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला खुद्द वैद्यकातली जाणती माणसं देत होती. पालथं झोपणं आणि झोपेतले अचानक मृत्यू यांचा संबंध लक्षात आल्यावर १९९१मध्ये ब्रिटनने आणि १९९४मध्ये अमेरिकेने उताणं झोपवण्याची मोहीम काढली, आणि अमेरिकेत या मृत्यूंचं प्रमाण पुढच्या दहाएक वर्षांत निम्म्याहून खाली आलं. ना औषध, ना यंत्र. फक्त बाळाची पाठ खाली. आपल्या पाळण्यात बाळ पूर्वापार उताणंच असायचं, हे आपल्या आज्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

पण त्याच पाळण्यात मोहरीची उशी असायची. डोकं गोल व्हावं म्हणून. आमच्याकडेही ती शिवून तयार होती, आणि तिच्यावरून घरात जरा तणातणी झाली. डोकं चपटं होऊ नये ही काळजी खोटी नाही. त्यावर उपाय एवढाच, की बाळ जागं असताना, कोणी समोर बसलेलं असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथं घालायचं. मानही बळकट होते. उशी शेवटी माझ्या मानेखाली आली, आणि चांगली आहे.

आता मोजमाप. कठड्याच्या दोन दांड्यांमधलं अंतर हे खाटेचं सगळ्यात महत्त्वाचं माप, आणि दुकानात ते कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या नियमात ते सुमारे ६ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. युरोपात साडेचार ते साडेसहा. फट याहून मोठी असली तर बाळाचं धड पायांकडून सरकत बाहेर येतं आणि डोकं आत अडकतं. शीतपेयाचा नेहमीचा डबा दांड्यांमधून आरपार जात असेल तर ती खाट सोडावी, इतकी ही सोपी परीक्षा आहे. मी टेप घेऊन गेलो होतो. पहिल्याच दुकानातल्या सगळ्यात देखण्या खाटेची फट माझ्या मुठीएवढी निघाली. दुकानदार म्हणाला, "काका, त्याला आतून कापडी पट्टी येते ना." म्हणजे एका धोक्यावर दुसऱ्या धोक्याचं पांघरूण. अशा गुबगुबीत पट्ट्यांच्या विक्रीवर अमेरिकेने २०२२च्या कायद्याने बंदी घातली, त्याच कायद्याने कललेल्या झोपाळी खुर्च्यांवरही. त्याआधी २०१९मध्ये एका नामांकित कंपनीला तसल्या सुमारे ४७ लाख खुर्च्या परत मागवाव्या लागल्या होत्या. कललेल्या आसनात बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासनलिका दुमडते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे खाली सरकणारा कठडा. कंबर न वाकवता बाळ उचलता येतं, म्हणून बायकांना तो आवडतो आणि दुकानदार तो कौतुकाने वरखाली करून दाखवतो. याच कठड्याची खिटी झिजते, स्क्रू ढिला होतो, एक कोपरा सुटतो आणि तिथे व्ही आकाराची फट पडते. अमेरिकेत अशा खाटांमध्ये किमान ३२ मुलं दगावल्याची नोंद झाल्यावर जून २०११पासून त्या विकायलाच मनाई झाली. आपल्याकडे त्या सर्रास मिळतात. तपासणी खात्यात एक गोष्ट शिकलो होतो: जो भाग रोज हलतो, तोच आधी दगा देतो. चारही बाजू पक्क्या असलेली खाट मी निवडली आणि मुलीच्या कंबरेसाठी खाटेची गादीखालची पाटी सुरुवातीला वरच्या खाचेत बसवली. बाळ बसायला लागलं की पाटी खाली.

गादी काथ्याची घेतली. हात दाबला तर आत जात नाही, आणि गादी नि कठडा यांच्यामध्ये दोन बोटंही शिरत नाहीत. दुकानदाराने मला विचारलं, की ही बाळासाठीच हवी आहे ना. खाटेचं पुढे मुलाच्या पलंगात रूपांतर होतं, याचे तो वेगळे पैसे सांगत होता. आपल्या घरांत मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत आईच्या कुशीतच शिरतं आणि त्या रूपांतरित पलंगावर इस्त्रीचे कपडे झोपतात. ते पैसे वाचवले.

घरात एक जुना पाळणाही होता. सागाचा, साखळ्यांचा, चार पिढ्या वापरलेला. तो मी मोजला. खांबांमधली अंतरं अशी, की आजच्या कुठल्याच नियमात बसू नयेत. वर जुना ऑइलपेंट. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही, आणि दात येणारं बाळ कठडाच चावतं. तरी पाळणा मोडीत काढायचा प्रश्न नव्हता. बारसं त्यातच झालं. बायकांनी आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून गोप्या केला, मग बाळाला घातलं. आधी दगड आणि मग मूल, याच्या अर्थाविषयी काही का म्हणेनात, माझ्या लेखी ती पाळण्याची भारचाचणी होती. नाव कानात सांगून झालं, बाळाला बाहेर काढलं आणि पाळणा पुन्हा माळ्यावर गेला.

वाणगावात या विषयाला एक वेगळी बाजू आहे, आणि दुकानात ती लक्षात येत नाही. नोव्हेंबर २०१८पासून आमच्या डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. त्या थंडीत पाड्यांवरची माणसं तान्ह्या मुलांना घेऊन उघड्यावर, तंबूत झोपत होती. फेब्रुवारी २०१९मध्ये धक्क्याच्या वेळी घराबाहेर धावताना पडून हळदपाड्यातली एक दोन वर्षांची मुलगी गेली. धक्के पुढेही येत राहिले. म्हणून खाट कशी असावी याच्याइतकंच ती कुठे असावी हेही मी बघितलं. वर देव्हाऱ्याची फळी नको, भिंतीवरचं घड्याळ नको, शेजारी न ठोकलेलं कपाट नको. खिडकीच्या पडद्याची दोरी हाताला लागायला नको. वावडिंग-ओव्याची धुरी खोलीतून बाहेर गेली, कारण धूर बाळाच्या श्वासाला चांगला नाही. बायकोने यावर माझ्याशी चार दिवस तुटक बोलून निषेध नोंदवला. किनाऱ्याजवळच्या आमच्या दमट हवेत वर्षातले बरेच महिने पांघरुणाची गरजच नसते. पंखा आणि खाटेच्या बाहेरून ताणून बांधलेली मच्छरदाणी पुरते. थंडीच्या रात्रीसाठी मुलीने अंगात घालायची बिनबाह्यांची झोपपिशवी आणली, तोंडावर येऊ न शकणारी.

ती पिशवी बघून आमच्या गावच्या आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, हसल्या. प्रशिक्षणात त्यांनी तसलीच काहीशी पाहिली होती. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि तिथले बालमृत्यू किती घटले ते १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११मध्ये देशाने ती पद्धत उचलली. आशाताईंनी आमची खाट सगळ्या बाजूंनी पाहिली, चांगली आहे म्हणाल्या, आणि मग सहज म्हणाल्या, "काका, माझ्या यादीतल्या निम्म्या घरांत खाट नाही. झोळी आहे."

मिरचीच्या वाड्यांवर ती झोळी मी रोज बघतो. आंब्याच्या फांदीला साडी बांधलेली, आत बाळ, आणि हलवायला पाच-सहा वर्षांची बहीण. आई तोडणीला. या झोळीत बाळाचं अंग वाकतं, हनुवटी छातीकडे जाते. मोठी मुलं त्यात शिरून खेळताना फास बसल्याच्या घटनाही घडतात. पण मातीवर विंचू-सापाच्या वाटेवर बाळ ठेवण्यापेक्षा ती माउली दुसरं काय करणार? तिला माझ्या टेपचा काय उपयोग? आशाताई तिथे वेगळंच सांगतात. झोळी उथळ आणि पसरट बांधा, बाळाचा चेहरा सतत दिसू द्या, चेहऱ्यावर कापड टाकू नका, आणि घरी गेल्यावर सपाट चटईवर उताणं ठेवा. ताडी घेतलेल्या माणसाच्या कुशीत बाळ झोपवू नका, हेही त्या न लाजता सांगतात. गादीच्या निवडीपेक्षा या सांगण्याने जास्त बाळं वाचत असतील, असं मला वाटतं.

झोळी हलवणारी ती बहीण इथून फार दूर नसलेल्या कोसबाडच्या टेकडीवर एकदा कुणाच्या तरी ध्यानात आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७मध्ये ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं म्हणून. मग त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. भावंड पाळणाघरात, ताई वर्गात. बाळ कुठे झोपतं या प्रश्नाला त्यांनी बाळाला कोण बघतं हा प्रश्न जोडला, आणि तो आजही मिरचीच्या वाडीवर तसाच उभा आहे. आमच्या घरी बघायला चार माणसं आहेत, तरी खाट उत्तम हवी म्हणून मी टेप घेऊन फिरलो. जिथे बघायला एक लहान मुलगी आहे, तिथे फांदी.

नात आता कठडा धरून उभी राहते. पाटी सगळ्यात खालच्या खाचेत गेली आहे. तिची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास आली की खाट बंद करायची, कारण मग ती कठड्यावरून बाहेर येईल. मागणी आतापासूनच आहे, गल्लीतल्याच एका घरी पावसाळ्यात बाळ येणार आहे. जुन्या खाटा बिघडतात त्या लाकडाने नाही, हरवलेल्या स्क्रूंनी. कुणीतरी जागी खिळा ठोकतो किंवा सुतळी बांधतो आणि तिथून कोपरा सुटायला लागतो. म्हणून खोलताना निघणारे सगळे नट-बोल्ट, षटकोनी किल्ली आणि जोडणीचा कागद एका पिशवीत घालून ती पाटीच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावून द्यायची आहे. सोबत माझ्या अक्षरात एक चिठ्ठी: गादी हीच वापरा, मऊ आणू नका. ती आणतीलच; तरी चिठ्ठी लावणार आहे, लाल कागदावर.