परतीची गाडी

दुपारचे तीन वाजले की जव्हारच्या एसटी स्थानकावर गर्दी वाढू लागते. कुटीर रुग्णालयात आलेली, आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात दाखल्यासाठी खेटे घालणारी, बाजाराला आलेली माणसं हातातलं काम अर्धं टाकून निघालेली असतात. रक्ताचा अहवाल चारला मिळणार असतो, बँकेच्या रांगेत पुढे अजून दहा जण असतात, साहेब जेवून यायचे असतात. तरी निघावंच लागतं. गावाकडची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्थानकाच्या बाकड्यावर काढायची किंवा कुणा ओळखीच्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. राहिलेल्या कामासाठी पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडवायची आणि पुन्हा यायचं.

या मुलखात दवाखाना किती लांब आहे हे किलोमीटर सांगून कळत नाही. तिथून परतायला शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सांगावं लागतं. जव्हार आणि मोखाड्याच्या दळणवळणाचा विचार आपण आजवर रस्त्याचा प्रश्न म्हणून केला. रस्त्याची लांबी मोजता येते, बिलं काढता येतात, फलक लावता येतो. परंतु माणूस घरातून निघून, काम उरकून, दिवस मावळायच्या आत घरी पोचतो तेव्हा त्याचा प्रवास पुरा होतो. तो पुरा होतो की नाही, हे आपण कधी मोजलंच नाही.

आधी मुलूख पाहू. सह्याद्रीच्या उतारावरचे हे दोन तालुके. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वैतरणा आणि पिंजाळसारख्या नद्या, आणि डोंगराच्या कुशीत लांबलांब विखुरलेले पाडे. 2011 च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं राहतात आणि दहातली नऊ आदिवासी आहेत: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला व्हावं अशी इथल्या लोकांची मागणी होती. ते पालघरला गेलं. जव्हारहून पालघर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आणि मोखाडा त्याच्याही वीस-पंचवीस किलोमीटर पुढे. ज्या प्रशासनाला जवळ आणण्यासाठी जिल्हा तोडला, त्याच्याशी काम पडलं की मोखाड्यातल्या खोडाळ्याकडच्या माणसाचा आजही अख्खा दिवस जातो.

हा दिवस दोन वाहनांच्या भरवशावर जातो: एसटी आणि जीप. दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. जीप भरली की सुटते आणि एसटी वेळ झाली की सुटते. नाक्यावर उभी असलेली जीप किंवा इको नऊ-दहा माणसं होईपर्यंत हलत नाही. सरकारी भाषेत ही ‘अवैध वाहतूक’. पण त्या गाडीचा चालक हा याच भागातला, कर्जाचा हप्ता फेडणारा तरुण असतो. चार माणसं घेऊन निघाला तर डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. गर्दीच्या वेळी तो दुप्पट माणसं कोंबतो, मागच्या फळीवर उभी करतो, प्रसंगी टपावर बसवतो. घाटात अशी गाडी कलंडली तर विमा कुणाचा आणि भरपाई कुणाची, याचं उत्तर कुणापाशी नसतं. तरीही एसटी ज्या पाड्यांकडे फिरकत नाही तिथे ही जीपच जाते. तिला नुसतं बेकायदा ठरवून मोकळं होणं हा त्या चालकावर आणि प्रवाशांवरही अन्याय आहे.

एसटीचं महत्त्व मात्र वेगळं आहे. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. माणसं किती जमली हे न पाहता ठरलेल्या वेळी गाडी सुटेल, हे वचन तिने राज्याला दिलं. वेळापत्रक ही साधी गोष्ट वाटते, पण गरिबाच्या हातात वेळ देणारं ते एकमेव साधन आहे. सकाळी साडेसहाची गाडी साडेसहाला येणार हे ठाऊक असलं तर दहावीची मुलगी वर्गात वेळेवर बसते, मोगऱ्याच्या कळ्या तोडणारी बाई त्या दुपारच्या आत बाजाराकडे रवाना करते. विक्रमगड-जव्हारकडचा हा मोगरा थेट दादरच्या फुलबाजारात जातो. कळी उमलली की तिची किंमत पडते, म्हणून मोगऱ्याच्या शेतीत खतापाण्याइतकीच गाडीची वेळ महत्त्वाची.

जुन्या माणसांना विचारलं तर ती ‘मुक्कामाच्या गाडी’ची आठवण काढतात. संध्याकाळी गावात यायची, रात्री तिथेच थांबायची आणि पहाटे माणसं घेऊन तालुक्याला निघायची. चालक-वाहक गावातच जेवायचे, शाळेच्या ओट्यावर झोपायचे. ती उभी आहे एवढ्यानेच गावाला धीर असायचा: रात्री कुणाला काही झालं तर दारात गाडी आहे. एसटी चालवण्याचा यापेक्षा शहाणा प्रकार मला माहीत नाही. ग्रामीण भागाला शहराच्या वेळेशी जोडणारी गाडी शहरातून सकाळी निघून चालत नाही. ती गावातून निघाली पाहिजे.

मग अशा फेऱ्या बंद का पडतात? महामंडळाचा एक शब्द आहे: भारमान. आसनांच्या मानाने प्रवासी किती, याचा तो हिशेब. भारमान कमी म्हणजे फेरी तोट्यात आणि तोट्यातली फेरी बंद. महामंडळाच्या बाजूनेही न्याय केला पाहिजे. तिकिटाच्या रकमेवर त्याला साडेसतरा टक्के प्रवासी कर भरावा लागत आला आहे, गाड्या जुन्या झाल्या आहेत, 2021–22 च्या दीर्घ संपानंतर मोडलेली घडी नीट बसलेली नाही. पण भारमानाचा हिशेब पाड्याला लावला की दुष्टचक्र सुरू होतं. गाडी दोन दिवस आली नाही की लोक तिसऱ्या दिवशी जीपकडे वळतात, भारमान घटतं आणि घटलेलं भारमान दाखवून फेरी कायमची काढली जाते. लोकांनी एसटी सोडली असं कागदावर दिसतं. खरं पाहता एसटीचा भरवसा आधी गेलेला असतो.

सवलतींचंही असंच आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास. दोन्ही निर्णय चांगले आहेत. त्यांची भरपाई सरकार महामंडळाला करतं ती झालेल्या प्रवासाच्या प्रमाणात. म्हणजे जिथे गाड्या जास्त तिथे सरकारचा पैसा जास्त जातो आणि जिथे गाडीच जात नाही तिथल्या बाईच्या वाट्याला त्यातला रुपयाही येत नाही. ती जीपला पूर्ण भाडं देते. ज्यांना या सवलतीची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच पाड्याच्या अलीकडे ती थांबते.

आता खासगी गाडीकडे येऊ. शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, नाशिकहून गाड्या जव्हारला येतात. जय विलास पॅलेस, शिर्पामाळ, दाभोशाचा धबधबा, सूर्यमाळ पाहून संध्याकाळी परत जातात. गाडीवाल्याला जव्हार तीन-चार तासांवर आहे. त्याच रस्त्यावर फाट्याशी उभ्या असलेल्या म्हातारीला तालुक्याचं गावही एका दिवसावर आहे. रस्ता एकच असतो, पण गाडी नसलेल्या माणसासाठी तो लांबच राहतो. पर्यटनाला माझा विरोध नाही, त्यातून चार घरं चालतात. पण रस्ता रुंद झाला म्हणजे दळणवळणाचा प्रश्न सुटला, हा समज गाडीतून पाहणाऱ्याचा आहे. मोटारसायकली घरोघरी आल्या हेही खरं. पण ती मोटारसायकल तरुण पुरुषाच्या हातात असते. बाई, म्हातारा आणि शाळेचं पोर आजही फाट्यावरच उभं असतं.

आणि फाट्यापर्यंत पोचणं हे आणखी वेगळं संकट. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या एका पाड्यावर दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या एका आईची जुळी बाळं दगावली. रक्तस्राव होत असलेल्या तिला घरच्यांनी डोली करून, निसरड्या उतारावरून मुख्य रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं. जून 2025 मध्ये याच तालुक्यातल्या एका बापाने नाशिकच्या रुग्णालयातून आपलं मृत बाळ पिशवीत घालून एसटीने घरी आणलं. बातम्या आल्या, संताप झाला, चौकशा झाल्या. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालमृत्यू झाले तेव्हाही राज्य असंच हादरलं होतं. त्यानंतर आरोग्यकेंद्रं वाढली, योजना आल्या. पण केंद्र आणि पाडा यांच्यामधलं अंतर कोण कापणार, हे त्या योजनांत नेहमी गृहीत धरलेलं असतं.

पाड्याला रस्ता नसतो याला कारणं आहेत. डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मैदानी भागात पाचशे आणि डोंगरी, आदिवासी भागात अडीचशे लोकसंख्येची अट घातली. इथे वस्ती महसुली गावात नाही, पाड्यात विखुरलेली आहे. चाळीस घरांचा पाडा अनेकदा या अटीत बसत नाही. दुसरं कारण वनखात्याच्या परवानगीचं सांगितलं जातं. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये यावर उपाय लिहून ठेवला आहे. ग्रामसभेने शिफारस केली तर शाळा, दवाखाना, रस्ता अशा सोयींसाठी प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वळवता येते. अट एवढीच की हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. म्हणजे वाट अडली आहे ती कायद्याने अडवल्यामुळे नव्हे, कायदा वापरण्याची निकड कुणाला न वाटल्यामुळे.

पैसा नाही, हे उत्तर मला पटत नाही. याच पालघर जिल्ह्यातून मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन जाते आहे, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग जातो आहे आणि वाढवण बंदरासाठी शहात्तर हजार कोटींचा प्रकल्प 2024 मध्ये मंजूर झाला आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळेजवळ मध्य वैतरणा धरण उभं आहे. तिथलं पाणी मुंबईला रोज पोचतं आणि मार्च उजाडला की मोखाड्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईचं पाणी अडावं असं मी म्हणत नाही. पण डोंगर पोखरून शंभर किलोमीटर पाणी नेण्याची क्षमता ज्या राज्याकडे आहे, त्याला तीन किलोमीटर रस्ता आणि दोन वेळची गाडी अवघड म्हणता येणार नाही.

दसरा-दिवाळीनंतर मात्र याच पाड्यांपर्यंत वाहनं बरोबर पोचतात. भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांसाठी कुटुंबंच्या कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्यांसह टेम्पोत चढतात. इथले लोक याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. मजूर हवा असला की गाडी येते, मुलाला शाळेत जायचं असलं की येत नाही. गावात राहूनच जगता आलं असतं, तर त्यासाठीही गाडीच लागली असती: भाजी बाजारात न्यायला, रोजगाराच्या ठिकाणी जाऊन रात्री घरी परतायला.

यावर उपाय आहेत आणि ते आवाक्यातले आहेत. स्वित्झर्लंडसारख्या डोंगराळ देशात वर्षभर शंभर माणसं राहतात अशा वस्तीपर्यंतची सार्वजनिक वाहतूक ही केंद्र आणि प्रांत यांनी मिळून खर्च उचलण्याची बाब मानली जाते. तो देश श्रीमंत आहे, हे मान्य. पण तिथलं तत्त्व घ्यायला श्रीमंती लागत नाही: डोंगरातली फेरी नफ्यातोट्यात मोजायची नाही, शाळा आणि दवाखान्यासारखी ती पुरवायची. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींसाठी गाड्या देऊन महाराष्ट्राने हे तत्त्व एकदा मान्य केलेलंच आहे. आदिवासी उपयोजनेचा निधी आहे. पेसा (अनुसूचित) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना त्यातले पाच टक्के 2015 पासून थेट मिळतात. या पैशातून प्रत्येक ग्रामपंचायतीला सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी एक तरी फेरी बांधून द्यावी, ती भारमानातून वगळावी. घाटाला आणि अरुंद रस्त्याला पेलतील अशा लहान बस घ्याव्यात. जिथे एसटी खरोखर जाऊ शकत नाही तिथे स्थानिक जीपचालकांना परवाना, विमा, ठरलेली वेळ आणि ठरलेलं अनुदान देऊन व्यवस्थेत घ्यावं. ओपीडी आणि कचेऱ्यांची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवावी. आणि लांबच्या गावांत मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू करावी.

शहरातल्या वाचकाला हा दूरचा प्रश्न वाटेल. पण लोकल दहा मिनिटं उशिरा आली तर आपण फलाटावर अस्वस्थ होतो, आणि ते बरोबरच आहे, कारण वेळेवर गाडी मिळणं हा आपण हक्क मानतो. तोच हक्क मोखाड्याच्या पाड्यावरच्या माणसाला आहे. जिल्ह्याच्या विकासाचे आकडे यापुढे कुणी मांडले, तर रस्ता किती किलोमीटर झाला याच्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: त्या रस्त्यावरून घरी परतायला शेवटची गाडी किती वाजता आहे?