परीकथेतला परदेश

चिंचवडास पवनेच्या काठी मोरया गोसावींचे समाधिमंदिर आहे. कोणा परदेशी चित्रकाराने त्यावर बोलपट रचून घाटावर उंटांचा तांडा बसविला, मागे ताजमहाल रेखाटला आणि वेशीवर लोकांचे कान कापणारा शिपाई उभा केला, तर आम्हांस काय वाटेल? प्रथम हसू येईल, मागाहून राग. डिस्ने कंपनीच्या १९९२ सालच्या ‘अलादीन’ या रेखाचित्रपटात अरबी नगरीची हीच गत झाली आहे. सुलतानाचा वाडा ताजमहालाच्या घाटाचा, राजकन्येच्या वाघाचे नाव ‘राजा’. आणि आरंभीच्या गाण्यात, चेहरा पसंत न पडल्यास कान कापणारा देश म्हणून त्या भूमीचे वर्णन! अमेरिकेतील अरबांनी तक्रार केली, तेव्हा १९९३ मध्ये कानांचा उल्लेख बदलण्यात आला. देशास रानटी म्हणणारा शब्द मात्र तसाच राहिला.

कोणी म्हणेल, “अहो, परीकथा ती, तीत भूगोल कसला शोधता?” हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने ही कथा १७०९ साली अलेप्पोच्या हन्ना दियाबकडून ऐकली. पुढे ती छापली गेली, तेव्हा तिचा नायक चीनमध्ये राहत होता, आणि त्या चीनवर राज्य एका सुलतानाचे! दूरदेश हे परीकथेचे जुनेच माहेर. तथापि तो चीन श्रोत्यास स्वतःच्या मनाने रचावा लागे. चित्रपट पगडी, दाढी, बाजार आणि तलवार सर्व तयार देतो. शिवाय नायक-नायिका अमेरिकन उच्चारांत बोलतात, तर दुष्टांच्या व बाजारातील दांडगटांच्या तोंडी परके हेल घातलेले असतात. मुलास यातून भूगोल कळत नाही हे खरे. पण आपले कोण आणि भ्यावे कोणास, हे त्याच्या मनात नकळत ठरून जाते.

परंतु आम्ही नुसते फिर्यादी होऊन भागणार नाही. आपला ‘छोटा भीम’ २०१३ सालच्या चित्रपटात बाली बेटावर गेला. तेथे त्याची वैरीण रंगदा नावाची चेटकीण. बालीच्या लोकांना रंगदेचे भय वाटते, हे खरे. पण तिचा मुखवटा ते देवळात पूजितात, रक्षणासाठी तिला आळवितात आणि दुर्गेशी तिचे नाते सांगतात. आमच्या मरीआईस कोणी निव्वळ हडळ ठरवून पडद्यावर आणले, तर आम्हांस रुचेल काय? ज्या अन्यायाची आम्ही तक्रार करितो, तोच आमच्या हातून इतक्या सहज घडतो!

पिंपरी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात आज जर्मन, जपानी व कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. परप्रांतांतून आलेली कुटुंबे तर आळीआळीत आहेत. परीकथेतला परदेश येथे शेजारी राहावयास आला आहे. म्हणून परीकथा बंद कराव्यात, असे आमचे म्हणणे नाही. त्यांवाचून बाळपण कोरडे होईल. आम्ही एकच कसोटी सुचवितो. त्या देशाचे मूल आपल्या मुलाशेजारी बसवून हा चित्रपट दाखविताना आपणांस संकोच वाटेल काय? वाटत असेल, तर चित्रपट जरूर पाहू द्यावा. पण तो संपल्यावर मुलास जवळ घेऊन त्या देशाच्या खऱ्या माणसांविषयी चार शब्द सांगावेत. एवढे काम घरातील वडीलधाऱ्यांचे आहे.