घास आणि घर

मुक्या प्राण्याला दाराशीं घास घातला म्हणजे त्याला घर देण्याचेंहि कर्तव्य आपल्यावर येतें काय? हा प्रश्न वरवर पाहतां रिकामपणाचा वाटेल. परंतु आमच्या नागपुरांत तो प्रत्यक्ष न्यायासनासमोर येऊन गेलेला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें असें म्हटलें कीं, ज्यांना मोकाट कुत्र्यांना अन्न घालावयाचें असेल त्यांनीं ते रीतसर दत्तक घ्यावे, घरीं न्यावे किंवा निवाऱ्यांत ठेवावे. पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें, अन्न घालणारांवर दत्तक घेण्याची अशी सक्ति करतां येणार नाहीं, असें मत दिलें. तो वाद कुत्र्यांचा होता. पण त्याच्या मुळाशीं असलेला नीतीचा प्रश्न मांजरासहि तितकाच लागू पडतो, आणि आमच्यापुढें तो मांजराच्याच रूपानें उभा राहिला.

घासाचा विचार आपल्या परंपरेनें पुष्कळ केला आहे. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. गोग्रास आहे, काकबळी आहे. कावडींतलें गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांची कथा लहानपणीं कोणीं ऐकली नाहीं? परंतु या सर्व ठिकाणीं देणारा देतो आणि आपल्या वाटेनें जातो. काकबळी घालणारा कावळ्याला घरांत ठेवून घेत नाहीं. घास हें दान आहे, आणि प्रत्येक दानाच्या पाठीं जन्माचें बंधन लावलें तर दान करावयास कोणी धजणार नाहीं. म्हणून कायद्यानें अशी सक्ति करूं नये, हेंच आम्हांस योग्य वाटतें.

मग बंधन उत्पन्न होतें तें केव्हां? आमच्या अंगणांत येऊं लागलेल्या एका मांजरीला चांगलें घर पाहून द्यावें म्हणून आम्हीं तिला प्रथम महालांतील एका कुटुंबाकडे पोंचविलें. तेथें ती चार दिवस कपाटामागें बसून राहिली आणि पांचव्या दिवशीं ‘माणसाळत नाहीं’ म्हणून परत आली. धरमपेठेंतील दुसऱ्या घरीं तिचें रात्रीचें ओरडणें सोसेना. तिसऱ्या घरच्या मुलांना खेळावयास पिल्लू हवें होतें, आणि ही तर प्रौढ! यांपैकीं कोणीहि दुष्ट नव्हतें. परंतु मांजर हें आपल्या जागेला घट्ट धरून राहणारें जनावर. नव्या जागेंत त्याचें भेदरलेपण ओसरावयास कित्येकदां आठवडे लागतात. चार दिवसांत त्याची परीक्षा घेतली तर तें नापास होणारच. मांजर आपल्या पिल्लांना सात घरें फिरवितें, अशी लोकांत समजूत आहे. पण त्या फिरण्यांत आई बरोबर असते. आपण मांजराला फिरवितों तेव्हां त्याच्या बरोबर कोणीच नसतें.

दानाची मर्यादा येथें संपते. अंगणांत होती तोंवर ती मांजरी स्वतंत्र होती. आमचा घास चुकला तर दुसरें दार तिला ठाऊक होतें. तिला टोपलींत घालून शहराच्या दुसऱ्या टोंकाला नेलें, त्या क्षणीं तिच्या वतीनें निवड करण्याचा अधिकार आम्हीं आपल्याकडे घेतला. अधिकारामागून उत्तरदायित्व येतेंच. शिवाय प्रत्येक घर बदलतांना तिची जुनी जागा तिला अधिकाधिक परकी होते. मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या या गांवांत, कूलरच्या गारव्याची संवय लागलेल्या जिवाला पुन्हा रस्ता दाखविणें हें पूर्ववत् करणें नव्हे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानें उपाशी-तहानेलें राहील अशा स्थितींत जनावर सोडून देणें हा अपराध ठरविला. मात्र पहिल्या अपराधाचा दंड ठेवला दहा ते पन्नास रुपये. बाकीचा हिशेब अर्थात् मनाच्या न्यायालयांत व्हावयाचा.

कोणी म्हणेल, रस्त्यावर शेंकडों मांजरें आहेत. एकीला ठेवून काय साधलें? पण आमचें ऋण मार्जारजातीचें नाहीं, या एकीचें आहे. दुसरा आक्षेप असा कीं, चौथें घर शोधण्यांत वावगें तें काय? कांहींच नाहीं, जर तें घर तिच्यासाठीं शोधलें जात असेल. ‘हिला घर हवें’ आणि ‘आम्हांला सुटका हवी’ या दोन इच्छा बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतला भेद ओळखण्याची खूण एकच: तिचें ओरडणें आणि तिचें भेदरणें नव्या यजमानांना आधीं सांगावयास आपण तयार आहों कीं नाहीं? तें लपवावेंसें वाटलें, कीं आपण घर शोधीत नसून ओझें सरकवीत आहों असें समजावें.

वैष्णव आचार्यांनीं भक्तीचे दोन मार्ग दोन दृष्टांतांनीं सांगितले आहेत. माकडाचें पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतें, हा मर्कटन्याय; मांजराचें पिल्लू कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून नेते, हा मार्जारन्याय. दुसऱ्या प्रकारांत सगळा भार उचलणाऱ्यावर असतो. आपण उचललेल्या जिवाविषयीं हाच न्याय लागू पडतो. ती मांजरी शेवटीं आमच्या घरीं राहिली, यांत पुण्याचा भाग फारसा नाहीं. ज्यानें उचललें त्यानें ठेवावयास जागा द्यावी, इतकाच तो व्यवहार आहे.