यकृताने अडवलेले लोह

‘ताणामुळे शरीरातील लोह घटते, ते गोळ्यांनी भरून काढावे’ असे विधान पूरक आहाराच्या जाहिरातींत आणि आरोग्यविषयक सदरांत अलीकडे बिनदिक्कत केले जाते. त्यात मनावरचा ताण, आजाराचा ताण आणि पेशीवरचा ताण यांची सरमिसळ तर असतेच. शिवाय रक्तात लोह कमी दिसले म्हणजे ते शरीरातूनच कमी झाले, हे गृहीत धरलेले असते. यकृतपेशींच्या अभ्यासाचा इतिहास या गृहीतकाच्या विरोधात साक्ष देतो.

लोह बाहेर टाकण्याची नियंत्रित वाट शरीराकडे नाही, त्याचा तोल शोषणावरच सांभाळला जातो, हे मॅकन्स आणि विडोसन यांनी 1937 मध्ये दाखवले. पण शोषणाला लगाम घालते कोण, हे कोडे सहा दशकांहून अधिक काळ टिकले. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे छोटे प्रथिन 2000-01 च्या सुमारास प्रथम जंतुनाशक म्हणून ओळखले गेले आणि लोहाशी असलेले त्याचे नाते लगोलग फ्रान्समधील उंदरांवरच्या प्रयोगांतून उघड झाले. नेमेथ, गँझ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये त्याची कार्यपद्धती उलगडली: पेशीतून लोह बाहेर सोडणाऱ्या फेरोपोर्टिन या प्रथिनाला हेप्सिडिन चिकटते आणि ते नष्ट करवते. दाहाच्या वेळी वाढणारा इंटरल्युकिन-6 हा संदेशवाहक रेणू हेप्सिडिन वाढवतो, हेही त्याच वर्षी दिसले.

येथवर वाद नाही; गैरसमज होतो तो पुढच्या टप्प्याविषयी. पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिनांना घड्या घालून योग्य आकार देणाऱ्या जाळ्यात, बिनघडीची प्रथिने साचली की पेशी एक ठरावीक बचावप्रतिसाद सुरू करते. इटलीतील व्हेक्की, पिएत्रांजेलो आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की या प्रतिसादात सीआरईबीएच हे नियंत्रक प्रथिन हेप्सिडिनचे जनुक थेट चालू करते आणि ते प्रथिन नसलेल्या उंदरांत ही वाढ नीट होत नाही. या शोधाचा अर्थ ‘ताण म्हणजे लोहाची तूट’ असा लावला जातो. तो चुकीचा आहे. प्रौढ शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असते आणि रोज आतड्यातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम येते, तर जुन्या लाल पेशी मोडून महाभक्षी पेशी वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह परत मिळवतात. हेप्सिडिन वाढले की हे परतीचे लोह त्या पेशींतच अडकते, त्यामुळे रक्तातील पातळी उतरते आणि साठा मात्र जागेवरच राहतो.

दुसरे म्हणजे, ‘ताण’ एकाच दिशेने काम करतो हे समीकरणही टिकत नाही. मद्य दिलेल्या उंदरांत ऑक्सिडीकरणाच्या ताणामुळे हेप्सिडिन घटते, हे 2006 मध्ये दिसले. हेपेटायटिस सी विषाणूबाबतही तसाच निष्कर्ष पुढे आला. म्हणजे या ताणांत लगाम सुटतो, शोषण वाढते आणि यकृतात साचणारे लोह स्वतःच घातक मुक्तमूलक निर्माण करून नव्या ताणाला निमंत्रण देते. लोहाचे काय होईल हे ताण कोणता आहे आणि यकृतपेशी त्याला कोणते उत्तर देते यावर ठरते. ‘ताण’ एवढे निदान त्यासाठी पुरेसे नाही.

भारतात खरी लोहकमतरता, विशेषतः स्त्रियांत, व्यापक आहे आणि तिथे गोळ्यांना पर्याय शोधण्याचे कारण नाही. पण दाहाच्या काळात हेप्सिडिन आतड्याची वाटही अडवत असल्याने तोंडाने घेतलेले लोह पुरेसे शोषले जात नाही, आणि मद्यजन्य यकृतविकारात अनावश्यक लोह हानीच करू शकते. लोहसाठ्याचा निर्देशक मानले जाणारे फेरिटिनही दाहात वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये निरोगी प्रौढांसाठी लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी, तर संसर्ग वा दाह असलेल्या प्रौढांसाठी 70 पेक्षा कमी फेरिटिन ही लोहकमतरतेची मर्यादा सांगितली. एकच आकडा एका माणसात पुरेसा साठा आणि दुसऱ्यात कमतरता दाखवू शकतो, हे लक्षात न घेता दिलेला गोळ्यांचा सल्ला शास्त्रीय ठरत नाही.