अंगणाखालची जमीन

हिंगोली जिल्ह्यातली जुनी गावे पांढरीवर वसली आणि काळी पेरणीसाठी राहिली. घर कुठे बांधावे आणि बी कुठे टाकावे, याचा निवाडा त्या माणसांनी मातीचा स्वभाव पाहून केला होता. आता हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या कडेला शेते एनए होतात, प्लॉट पडतात आणि घरे थेट भारी काळ्या रानात उभी राहतात. बेसाल्ट झिजून झालेली ही माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते. मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून भराभर खाली जाते. मग मातीचे कण फुगतात, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस वरच थांबतो. अंगणात चिखल, भिंतींना ओल, दारात डासांचे डबके. त्यावर हल्ली प्लास्टिकची हिरवळ अंथरण्याचा उपाय सुचवला जातो. प्रश्न वरवर बांधकामाचा दिसतो, पण मला तो धर्माचा वाटतो. पायाखालच्या जमिनीचे आपण काही देणे लागतो का, आणि ती झाकली की ते देणे फिटते का?

आधी ही हिरवळ काय करते ते पाहू. तिच्या पाठीला भोके असतात, त्यांतून पाणी खाली उतरते. पण खाली फुगलेली काळी माती असेल तर ते तिथेच अडते, कुजते, वास मारते. पाणी काढून देण्याचे काम प्रत्यक्षात करतो तो खालचा खडीचा थर, शंभर फुटांना फूट-दोन फूट दिलेला उतार आणि कडेचा चर. एवढे केले तर वर हिरवळ नसली तरी अंगण कोरडे राहते. एवढे न करता हिरवळ घातली, तर पाणी होते तिथेच असते, आपल्याला फक्त दिसेनासे होते. माझा आक्षेप या दिसेनासे करण्यावर आहे.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे आणि नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूज्य असलेली नरसीही आहे. परंपरा सांगते की औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव रागावले, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. तशी जागा नामदेवांना सापडली नाही. ही कथा आपण देवळापुरती ऐकतो, पण तिचा रोख देवळाबाहेरच्या जमिनीकडे आहे. कोणतीच जागा देवावाचून नसेल, तर नजरेआड करून विसरून जावी अशीही जागा उरत नाही. इथे कुणी चोख प्रतिप्रश्न करील की मग देव प्लास्टिकमध्येही आहेच. आहे, हे मला मान्य आहे. म्हणून मी प्लास्टिकला अपवित्र म्हणत नाही. कृत्रिमतेलाही दोष देत नाही; औंढ्याचे देऊळ घडीव दगडाचेच आहे. पण सगळीकडे देव आहे यावरून सगळी कृत्ये सारखी ठरत नाहीत. विसोबांनी नामदेवांना निवांत बसवले नाही, जागा शोधायला लावले, पाहायला लावले. सकाळी उठून जमिनीला पाय लावण्याआधी तिची क्षमा मागणारी माणसे चालायची थांबत नाहीत. आपण कशावर चालतो, याची जाण तेवढी त्यांना राहते.

वसमतचा हळद उत्पादक ही जाण हिशेबात उतरवतो. काळ्या रानात पाणी तुंबले की कंदकूज लागते, हे ठाऊक असल्याने तो गादीवाफा उचलतो आणि पाण्याला वाट काढून देतो. गादीवाफाही माणसानेच घडवलेला असतो, पण तो मातीचा स्वभाव ओळखून घडवलेला असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात; तिथे खऱ्या लॉनला पाणी पाजणे अधर्मच, मग प्लास्टिक काय वाईट? लॉनबद्दल मी पूर्ण सहमत आहे. मात्र निवड या दोघांतच करायची नसते. मुरमाचे अंगण पाणी मागत नाही. हरळी तर न लावता येते. शेतकरी तिला खणून काढतो आणि गणपतीला तीच दूर्वा म्हणून वाहतो. प्लास्टिक मेच्या उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि झिजून त्याचे कण मातीत जातात. अशा हिरवळीत भरल्या जाणाऱ्या रबरी दाण्यांच्या विक्रीवर युरोपीय संघाने 2023 मध्ये, आठ वर्षांची मुदत देऊन, बंदी घातली.

उरला हक्काचा मुद्दा: प्लॉट माझा, मी हवे ते अंथरीन. पण पाणी सातबारा पाहून वाहत नाही. मी माझे अंगण उचलून उतार बाहेर दिला, तर डबके शेजाऱ्याच्या दारात जाते, आणि विसोबांच्या हिशेबाने तीही देवाचीच जागा. म्हणून हिरवळ घालायचीच असेल, तर आधी चर कुठे नेऊन सोडणार ते ठरवावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी रस्त्यावर येणे थांबवले. खोल काळीत मात्र उथळ खड्डा नुसता भरून राहतो. खालचा मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, आणि मुरूम फार खोल असेल तर शेजाऱ्यांशी बोलून सगळ्या गल्लीची एकच नाली ओढ्यापर्यंत न्यावी लागते.