बाबासाहेबांना बिटकॉइनच्या दावणीला बांधू नका

वर्ध्यात विद्यार्थ्यांसमोर झालेल्या एका व्याख्यानात दोन विधानं ठासून केली गेली. डॉ. आंबेडकर हे बिटकॉइनचे आद्य पुरस्कर्ते, हे पहिलं. ब्लॉकचेन असती तर आपली जिल्हा बँक गाळात गेली नसती, हे दुसरं. आर्वी तालुक्यातल्या आमच्या रोहण्याची पोरं तिथे होती. ती हीच दोन वाक्यं घेऊन गावात आली आणि आता वाद घालताहेत. वाद चांगला आहे. पण ज्या पुस्तकाचा हवाला दिला जातो, ते उघडल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही.

बाबासाहेबांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. सामना अर्थशास्त्रज्ञ केन्सशी होता. भारतासाठी सुवर्ण विनिमय पद्धत योग्य, असं केन्सनं 1913 च्या पुस्तकात मांडलं होतं. देशात रुपया चालेल, परदेशी देणी सोन्याच्या हिशेबानं भागतील आणि दोन्हींचा मेळ सरकार घालेल. बाबासाहेबांनी बोट ठेवलं ते या शेवटच्या कलमावर. 1893 मध्ये टांकसाळी जनतेसाठी बंद झाल्या, सरकारसाठी मात्र उघड्या राहिल्या. रुपये किती पाडायचे याला मग कुणाचाच लगाम उरला नाही. रुपये वाढले की भाव चढतात आणि झळ मजुराला बसते. म्हणून भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी मागणी केली की टांकसाळ सरकारलाही बंद करा, नवे रुपये पाडणं थांबवा.

इथवर वाचून पुस्तक मिटलं तर व्याख्याते बरोबर वाटतात. बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या वर निघणारच नाहीत, कुठलंही सरकार त्यात भर घालू शकत नाही. आंबेडकरांना हवी होती तीच मर्यादा!

पण मर्यादा त्यांना हवी होती ती भाव स्थिर राहावेत म्हणून. रुपया सोन्याच्या तुलनेत कुठे उभा आहे, यापेक्षा त्यात माल किती येतो, हा प्रश्न त्यांनी मोठा मानला. हुंडणावळीचा दर 1 शिलिंग 4 पेन्स असावा की 6 पेन्स, यावर देश तापला होता तेव्हा कमी दराचा फायदा कुणाला आणि तोटा कुणाला, हे त्यांनी मांडून दाखवलं. दर पाडला की भाव वाढतात, मालकवर्ग कमावतो आणि मजुरीवर जगणारा गमावतो. हा हिशेब बिटकॉइनला लावून पाहा. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बांधलेलं असतं. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69,000 डॉलरला टेकलं होतं, वर्षभरात ते 16,000 च्या आसपास आलं. असल्या नाण्यात साल ठरलं असतं तर त्या माणसाच्या घरी वर्षाचं धान्य कुठून आलं असतं? ज्यांनी आयुष्यभर या माणसाच्या बाजूनं हिशेब मांडला, त्यांचं नाव या नाण्याला चिकटवणं हा अन्याय आहे. मला त्याचा राग येतो.

त्याच पुस्तकाला प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवूनही त्यांनी मुख्य आक्षेप मान्य केला. सुवर्ण विनिमय पद्धत कळणारे फार थोडे, आणि भ्रष्ट हेतूसाठी ती वाकवली जाण्याची शक्यता साध्या सुवर्णपद्धतीहून पुष्कळ जास्त, असं ते म्हणतात. कळणारे थोडे असले की काय होतं, हे पुण्यानं पाहिलं आहे. गेनबिटकॉइन योजनेनं महिन्याला दहा टक्के परताव्याचं आमिष दाखवलं. ईडीच्या म्हणण्यानुसार 2017 च्या किमतीनं सुमारे 6,600 कोटी रुपयांची बिटकॉइन गोळा झाली. तपासासाठी पोलिसांनी ज्या दोन तज्ज्ञांची मदत घेतली, त्यांनाच मार्च 2022 मध्ये जप्तीतलं आभासी चलन वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. बिटकॉइनची खातेवही, म्हणजेच ब्लॉकचेन, तर सगळ्या जगासाठी उघडी असते; तरी हे घडलं.

आता जिल्हा बँक. 2002 च्या होम ट्रेड प्रकरणात नागपूरबरोबर वर्ध्याच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचं नावही आलं. सरकारी रोखे घेण्यासाठी बँकांनी दलालांना पैसे दिले. दलालांनी सौद्याचे कागद दिले, रोखे आलेच नाहीत. सरकारी रोख्यांची अस्सल नोंद रिझर्व्ह बँकेकडे असते, आणि ती वही तेव्हाही होती. तिच्यात खाडाखोड करण्याची कुणाला गरजच पडली नाही. रोखे आपल्या नावावर चढले का, एवढं विचारायचं होतं. ज्यांनी विचारायचं त्यांनी विचारलं नाही. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडला. दरम्यान 2014 मध्ये केंद्रानं परवाना नसलेल्या 23 जिल्हा बँकांना सावरायची योजना आणली. त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या, नागपूर, वर्धा आणि बुलडाणा. तोवर ठेवीदार खेटे घालत राहिले आणि पीककर्जासाठी शेतकरी सावकाराच्या ओट्यावर गेला. यात ब्लॉकचेननं काय अडवलं असतं? वहीत न झालेली नोंद कुठलीच वही पकडत नाही.

एवढं लिहून मी थांबणार होतो. पण आमच्या पोरांपैकी एकानं विचारलेल्या प्रश्नानं मला पुढे ढकललं. विचारायचा हक्क शेतकऱ्याला होता का? तो सभासद असतो गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा, आणि बँकेची सभासद असते सोसायटी. पैसा त्याचा, पण बँकेची वही त्याच्यापासून दोन दारं पलीकडे. एकाच वहीच्या प्रती अनेकांकडे असाव्यात आणि कुणा एकाला ती गुपचूप बदलता येऊ नये, ही ब्लॉकचेनमधली कल्पना इथे खरंच मोलाची आहे. सोसायटी, बँक आणि रिझर्व्ह बँक यांच्या नोंदी अशा जोडल्या आणि शेतकऱ्याला त्या वाचायचा कायदेशीर हक्क दिला, तर मी त्या तंत्राच्या बाजूनं उभा राहीन. राज्य वखार महामंडळाच्या गोदामपावतीवर कर्ज देताना हे तंत्र वापरलं जातंय. एकाच पावतीवर दोन ठिकाणी कर्ज उचलणं त्यानं अवघड होतं, आणि हे काम नाण्याशिवाय होतं.

तरी काटा उरतोच. कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागते, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं जातं. आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भावात कपात, बाराच्या वर गेला तर हमीभावाची खरेदीच नाही. यंत्र खोटं बोललं किंवा प्रतवारी मुद्दाम उतरवली, तर काटापट्टीवर तेच चढतं आणि चुकारा तसाच निघतो. हा आकडा ब्लॉकचेनच्या साखळीत गेला की तो पुढे कुणालाच पुसता येणार नाही. न पुसता येणारी वही हवी असेल तर तिच्या तोंडाशी शेतकऱ्याचा माणूस उभा हवा.

म्हणून रोहण्याच्या आणि वर्ध्याच्या पोरांना सांगणं आहे. ब्लॉकचेन शिका, रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2022 पासून सामान्यांसाठी चाचणीला काढलेला डिजिटल रुपयाही अभ्यासा. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 यातलं कलम 32 आधी वाचा. सोसायटीचा शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि आपल्या व्यवहाराचे हिशेब विनामूल्य पाहायचा हक्क त्यानं सभासदाला दिला आहे. घरातल्या सभासदाच्या सहीनं या महिन्यातच तसा अर्ज द्या, आणि सप्टेंबरअखेरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत त्या सभासदाला घेऊन जा.