जवारी आणि नादाचे मूळ

तंबोऱ्याचा किंवा भजनातल्या वीणेचा आवाज बोथट झाला, तर दोष पुष्कळदा तारेत नसून घोडीत असतो. घोडीचा माथा वरवर सपाट दिसला तरी त्याला तारेच्या दिशेने अगदी सौम्य उतार असतो. कंप पावणारी तार या उतारावर टेकते, सुटते, आणि मूळ स्वरासोबत वरचे स्वयंभू स्वर झळकू लागतात. हीच जवारी. घर्षणाने घोडीत चर पडले की जवारी जाते.

वाद्यनिर्मितीचे केंद्र असलेले मिरज यवतमाळजवळच्या लोहाऱ्यासारख्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा गावी जवारी घरीच काढायची, तर तारा सैल करून बाजूला साराव्या, बारीक कानशीने आणि मग पॉलिश पेपरने चर जाईपर्यंत घोडी घासावी, तार चढवून ऐकावे, पुन्हा घासावे. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधावी. हात जपून चालवावा, कारण घासून गेलेले परत येत नाही.

अशा कामातून स्वर नव्याने जन्मतो, की असलेलाच मोकळा होतो? मीमांसा दर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे मीमांसकांच्या, मते शब्द नित्य आहे. ध्वनी त्याला फक्त प्रकट करतो. त्यांचा मोठा आधार प्रत्यभिज्ञा, म्हणजे ‘हा तोच गकार’ अशी ओळख. त्यांचा वाद वर्णांविषयी आहे, पण तो स्वरालाही लावून पाहता येतो. न्याय दर्शनाचे अनुयायी, म्हणजे नैयायिक, म्हणतात, शब्द आकाशाचा गुण असून संयोग-विभागातून उपजतो आणि नाश पावतो. ओळख पटते ती सारखेपणामुळे.

जवारीपुरते पारडे नैयायिकांकडे झुकते. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा निष्कंप बिंदू येतो, ते उमटू नयेत असा भौतिकशास्त्रातला यंगचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवले. छेडण्यात नसलेले स्वर घोडीपाशी तयार होतात.

तरी कानस कुठे थांबवायची, हे कानच ठरवतो. कारागीर थांबतो तो स्वर ओळखीचा वाटल्यावर, आणि ही ओळख एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाते. ती केवळ सारखेपणाची म्हटली, तरी सारखेपणा कशाशी, हा मीमांसकांचा प्रश्न शिल्लक राहतो.

देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त नादाचे आहत (आघाताने उमटणारा) आणि अनाहत (आघाताविना असलेला) असे दोन भेद सांगितले. अनाहत मुक्ती देतो, पण मन रमवत नाही. आहत मन रमवतो आणि भवबंधही तोडतो. भजनाची वीणा आहत नादाचीच असल्याने तिची घोडी नीट करणे, या मताने, उपासनेच्याच कक्षेत येते.